लाल चिंधीचा कॅन

ती लाल चिंधी अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. परवा पेपरात वाचलं, पेट्रोल-डिझेलच्या घाऊक आणि किरकोळ विक्रीचे नियम सरकार पुन्हा तपासतंय, लोकांकडून सूचना मागवल्यात. म्हटलं, आता सांगूनच टाकावं.

मी शिपाई म्हणून भरती झाले, कायदा ड्युटीच्या मधल्या वेळात माझा मीच वाचला आणि खात्याची परीक्षा देऊन फौजदार झाले. तेव्हा पेठच्या बाजूला डोंगरातल्या एका ठाण्याचा चार्ज माझ्याकडे होता. जवळचा पंप घाट उतरून तासाभरावर. त्यामुळे पाड्यापाड्यांवर किराणा दुकानाबाहेर पेट्रोलच्या बाटल्या. बेकायदा, पण सगळ्यांना ठाऊक. आमच्या हवालदाराची मोटारसायकलही एकदा त्याच बाटलीवर ठाण्यात पोचली होती, खोटं कशाला बोलू?

मग एकाएकी गाड्या बंद पडू लागल्या. आरोग्य केंद्राच्या सिस्टरची स्कूटर घाटात थांबली आणि ती उरलेला चढ चालत बाळंतिणीपर्यंत गेली. बाळंतीण वाचली, पण लोक चिडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात फोन आला. नाव न सांगता माणूस म्हणाला, "भेसळीचं पेट्रोल ती पाड्यावरची दुकानवाली विकते. मागच्या पडवीत बघा, लाल चिंधी बांधलेला कॅन आहे." खबर मी शब्दन् शब्द स्टेशन डायरीत उतरवली. हवालदार हसले, "मॅडम, चिंधीचा रंगपण लिहायचा का?"

"लिहायचा," म्हटलं.

पंच घेऊन गेलो. पडवीचं कुलूप उघडलं तर कॅन सांगितला तिथंच. दुकानवाली पन्नाशीची. ना रडली, ना हात जोडले. बाटल्या आणि कॅन जप्त करून तिला ठाण्यात आणलं.

मी चौकशीत कुणाला 'खरं बोल' म्हणत नसे. तसं म्हटलं की माणूस आधी खोटं शोधतो. मी म्हणायचे, काम करून दाखव. तिला म्हटलं, "पेट्रोल चांगलं का वाईट, तुला कसं कळतं?"

तिनं बाटलीतला एक थेंब कागदावर टाकला, फुंकर मारली. थेंब उडून गेला, कागद कोरा. मग कॅनमधला थेंब टाकला. तेलकट डाग तसाच राहिला.

"हे मी इकत नाय, मॅडम. म्हून तर चिंधी बांधली. फवारनीच्या औषदाला बांधतो ना, कुनी हात लावू नये म्हून, तशी."

"मग परत का नाही दिलंस?"

"देतच व्हते. आनून देनारा नेईना. म्हनला, बाकीचे दुकानदार गुमान घेत्यात, तुलाच लय अक्कल. मग त्याच्याम्होरं चिंधी बांधली, पडवीत टाकला आन् कुलूप घातलं."

"तेव्हा तिथं अजून कोण होतं?"

"कोन असनार? मी आन् त्यो."

मी डायरी उघडून हवालदारांपुढे सरकवली. त्यांनी फोनची खबर परत वाचली. नंतर ते चिंधीवरून कधी हसले नाहीत.

इकडे वरिष्ठांचा फोन. "बाईवर भेसळीचा गुन्हा दाखवा आणि विषय मिटवा."

"साहेब, लेखी आदेश द्या."

"तुमची बदली होईल, कळतंय का?"

"तिचाही लेखीच येईल ना, साहेब?"

लेखी काहीच आलं नाही.

बाजाराच्या दिवशी तो कॅन आणून देणारा माणूस पिकअप घेऊन आला, हायवेकडचा. त्याला ठाण्यात बसवलं, चहा दिला आणि चिंधी टेबलावर ठेवली. विचारलं, "ही कशासाठी बांधतात रे?"

"नजर लागू नये म्हणून, मॅडम. बायका काय, कॅनलासुद्धा बांधतात."

"कॅनचं नाव मी काढलं होतं का?"

चहा तसाच राहिला. संध्याकाळच्या आत त्यानं हायवेलगतचं गोदाम दाखवलं. कारखान्यात लागणारं स्वस्त रसायन तिथं पेट्रोलमध्ये मिसळत होते. पुरवठा खात्याची माणसं बोलावली, पंचनामा केला, नमुने सील करून प्रयोगशाळेत पाठवले. गुन्हा दाखल झाला तो गोदामवाल्यांवर.

बाईला मात्र मी सोडलं नाही. विनापरवाना विक्रीचा गुन्हा तिच्यावर लावला. ती म्हणाली, "तुमीपन, मॅडम?"

"मीपण. केलंस तेवढंच लिहिलंय. न केलेलं कुणाला लिहू दिलं नाही."

भेसळीच्या खटल्यात तीच मुख्य साक्षीदार. स्वतःच्या खटल्यात तिला शिक्षा म्हणून दंड झाला आणि तिच्या बाटल्या बंद झाल्या. डोंगरात पंप आजही नाही. सिस्टर बदलली, घाट तोच आहे.

या केसनं मला शिकवलं ते एवढंच: नियम मोडणारा आणि लोकांना फसवणारा, हे दोघं एक नव्हेत. ज्या नियमाला हा फरक दिसत नाही, तो नियम बदलायलाच हवा. घरचे म्हणतात, "आई, तुझं कोण वाचणार?" न वाचू देत. नोकरीत असताना मी लेखी मागत होते, आता लेखी देते. डोंगरातल्या छोट्या दुकानाला परवाना द्या, सुरक्षित टाकी द्या, तपासणी शिकवा, आणि मग चुकलं तर खुशाल पकडा.

काल या सूचनांचा अर्ज लिहून पाड्यावर घेऊन गेले. दुकानवालीला वाचून दाखवला. तिनं सावकाश सही केली आणि पेन तसंच धरून विचारलं, "नावाफुडं काय लिहू, मॅडम? आरोपी का साक्षीदार?"

म्हटलं, "दुकानदार लिही."