मच्छरदाणीतला फ्लॉवर

पळस्प्याच्या महादेव म्हात्र्याचा स्वतःच्या सावलीवरही भरवसा नव्हता. आजूबाजूला इमारती उठल्या, याने मात्र हट्टाने फ्लॉवरच लावला. फ्लॉवरचं दुखणं असं, की गड्डा वजनदार निघाला तर पिवळट आणि विसविशीत. पांढराशुभ्र, घट्ट निघाला तर मुठीएवढा. वर्षानुवर्षं चांगली झाडं बियाण्याला राखत महादेवने दोन्ही गुण एका गड्ड्यात आणले होते. आता ते बी दुसऱ्याच्या हाती पडेल, हीच त्याला धास्ती.

मागच्या वर्षी शेजारच्या रहीमने चिमूटभर बी मागितलं. तोंडावर नाही कसं म्हणायचं? महादेवने बी तव्यावर भाजलं आणि पुडी बांधून दिली. पेरत बस म्हणावं!

यंदा रहीमच्या मळ्यात तस्सेच पांढरे, जड गड्डे धरले. महादेवच्या अंगाचा तिळपापड झाला. भाजलेलं बी उगवत नाही, म्हणजे याने चोरलंच! त्याने रहीमशी बोलणं टाकलं, कुंपणाला कुलूप लावलं. एरवी तो बियाण्याला बरीच झाडं उघडी सोडायचा. यंदा चोराच्या भीतीने एकच देखणं झाड राखलं, बाकीचे गड्डे पनवेलच्या बाजारात विकले. त्या एका झाडाला मच्छरदाणी बांधली, रहीमकडची माशीसुद्धा आत येऊ नये म्हणून. घरात बियाण्याचा दाणा उरला नव्हता.

गड्डा फुटला, दांडे वर आले, पिवळी फुलं लागली आणि गळू लागली. शेंग एकही धरेना.

"रहीमनंच कायतरी फवारलं असंल," महादेव कडाडला.

शेतकी कॉलेजात शिकणारी नात समृद्धी झाड पाहून म्हणाली, "आबा, कुणी काही केलेलं नाही. याच्या फुलाला स्वतःच्या झाडाचा पराग चालत नाही. दुसरं झाड लागतं, आणि पराग आणणारी माशी. वाण टिकवायचा तर ते दुसरं झाडही याच बियाण्याचं हवं."

तशी झाडं फक्त रहीमकडे फुलावर होती. महादेवने कुंपणापलीकडे पाहिलं.

"त्या चोराकडं जाऊ?"

"चोर नाय तो," महादेवची बायको भामा म्हणाली. "तुमची भाजलेली पुडी मीच बदलली. शेजाऱ्याला मेलेलं बी द्यायची मला लाज वाटली."

मच्छरदाणीतल्या झाडाच्या शेंड्याला थोडीच फुलं उरली होती. महादेव रहीमच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला.

"रहीम, फुलं पायजेत."

रहीमने कारण विचारलं नाही. फुलांनी लगडलेला अख्खा दांडा कापला. महादेवने स्वतः कुलूप काढलं, आणि रहीमने मच्छरदाणी वर करून फुलाला फूल टेकवलं.

शेंगा धरल्या, मोजक्याच. वाळल्यावर महादेवने निम्मं बी पुडीत बांधून रहीमच्या हातावर ठेवलं. रहीमने पुडी उघडली आणि नाकाशी नेली.

"काय करतंस?"

"हुंगतो, दादा. मागची पुडी तव्यावरची होती ना? भामावैनींनी बदलून देताना सांगितलं होतं."

म्हणजे तो दांडा कापताना याला सगळं ठाऊक होतं. महादेवला मान वर करता येईना.