लांजेवार सर आणि शिंगाड्यावरचा पतंग

लांजेवार सरांच्या खिशात नेहमी काडेपेटी असे, पण त्यांना विडी ओढताना कुणी पाहिलं नव्हतं. चौऱ्याहत्तरच्या सुमारास मी कोंढ्याच्या शाळेत चित्रकला शिक्षक म्हणून रुजू झालो. पहिल्याच दिवशी विज्ञान शिकवणाऱ्या या वाळक्या गृहस्थांनी ती पेटी माझ्यापुढे उघडली. आत टाचणीला टोचलेला, तांदळाच्या दाण्याएवढा पतंग होता.

"श्वास हळू घ्या. याचं चित्र काढून देता काय?"

"पांढरा तर आहे. काढायचं काय त्यात?"

त्यांनी भिंग हातात दिलं. "पाहा, अन् मंग बोला."

पंखांवर मातकट पट्टे होते आणि मागच्या पंखाच्या कडेला काळ्या ठिपक्यांची ओळ. माझी पहिली चार चित्रं सरांनी परत केली. "ठिपके सहा हायेत, सर. तुमी सात काहून काढले?"

हा पतंग आसगावजवळच्या एका बोडीतला, म्हणजे लहानशा तळ्यातला. तिथं पार्बताबाई शिंगाडे लावत. पाण्यावर पानाचे तुकडे आपोआप चालतात, हे त्यांनीच सरांना दाखवलं होतं. दोन तुकडे जोडून या पतंगाची अळी त्यात राहायची आणि घर घेऊनच फिरायची. सर त्या अळ्या प्रयोगशाळेच्या खिडकीत बरण्यांमध्ये वाढवत. पार्बताबाई वैतागायच्या.

"मास्तर, माहे शिंगाडे खाऊन राहिले हे किडे, अन् तुमी त्यायले पोसता! मारायचं सांगा ना काही."

"आधी वळखू तर द्या, बाई."

ओळख काही पटेना. सरांजवळच्या पुस्तकांत हा पतंग नव्हता. एका तज्ज्ञांकडे पाठवलेलं पहिलं पार्सल चुरा होऊन पोचलं. दुसऱ्याचं उत्तर वर्षाने आलं : पंखांवरून सांगता येत नाही, नराच्या पोटाचं टोक उघडून आतल्या अवयवांची चित्रं पाठवा. मग रविवारमागून रविवार आम्ही शाळेच्या जुन्या सूक्ष्मदर्शकाशी बसलो. सर सुईने नर उघडत, मी चित्र काढी. निम्मे नर फाटून जात. सरांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. डाव्या डोळ्याने तासभर पाहिलं की ते कपाळ धरून बसत. "थकलो, सर. पण हा नवा असन तर अर्धवट कसा सोडाचा?"

आठव्या वर्षी पत्र आलं. हा पतंग नवा नव्हता. फार पूर्वी कुणीतरी दूरवर पकडलेल्या एकाच मादीवरून त्याला नाव दिलं होतं. मात्र त्याचा नर, त्याची अळी, तिचं खाणं यांबद्दल कुणीच लिहिलेलं नाही, तेवढं तुम्ही लिहा, असं तज्ज्ञांनी शेवटी सुचवलं होतं.

सरांनी पत्राची घडी केली. "नाव पडलं हाय त्याचं. आता काय लिहू? नाही होत माह्याच्यानं." आणि ते नववीच्या तासाला गेले. बरण्या त्यांनी धुऊन पालथ्या घातल्या.

वर्षभर हा विषय निघाला नाही. मग एका सकाळी पार्बताबाई स्वतःच शाळेत आल्या. टोपलीत चाळणी झालेली पानं होती.

"सारी बोडी गेली, मास्तर. आठ वर्सं पाहून राहिले ना तुमी त्याले? मंग सांगा, मी काय करू?"

सर बराच वेळ पानं चाळत राहिले. मग म्हणाले, "अळी कोशात गेली का पानाच्या कडेले चिकटून राहाते. हप्ताभर हलत नाही. तेवढ्यात ती पानं काढा अन् जाळा. पतंग उडू देऊ नका."

बाईंनी घरच्या सगळ्यांना पाण्यात उतरवलं. निम्मा शिंगाडा वाचला. त्याच महिन्यात सर लिहायला बसले. दिसत नव्हतं, म्हणून ते सांगत आणि मी लिहून घेई.

अठ्ठ्याऐंशीत ते गेले. त्याआधी चार पानांचा तो इंग्रजी लेख छापून आला होता, तेव्हा त्यांनी मला सायकलवर डबल सीट आसगावला न्यायला लावलं. पार्बताबाई कमरेएवढ्या पाण्यात होत्या. सर काठावरूनच ओरडले, "बाई, बाहेर या!" मग लेखातल्या एका ओळीवर मी सरांचं बोट टेकवलं. "वाचा सर, मराठीत सांगा," ते मला म्हणाले.

मी वाचलं : "ही अळी प्रथम पाहिली ती आसगावच्या पार्बताबाईंनी."

"आनखी एकदा वाचा," बाई म्हणाल्या.