शिवणाच्या बाईंची साक्ष

शिवणाच्या बाईंना कोर्टाचं समन्स आलं तेव्हा त्या शाळेच्या गणवेशांना काजं करत बसल्या होत्या. कागद वाचून त्यांनी नवऱ्याला हाक मारली, "अहो, सरकारी वकिलांनी बोलावलंय. म्हणजे मी डॉक्टरांच्या विरुद्ध बोलायचं?"

"मग काय त्याचे गोडवे गायचेत?" नवरा म्हणाला. "आपल्या घरातलं माणूस गेलं."

ते खरंच होतं. बाईंची धाकटी जाऊ साध्या तापासाठी चौकातल्या दवाखान्यात गेली होती, सोबत बाईच होत्या. डॉक्टरांनी हसतमुखाने चौकशी केली, इंजेक्शन दिलं. कापूस दाबेपर्यंत जावेला धाप लागली, ओठ निळे पडले. डॉक्टर नुसते "काही नाही, काही नाही" म्हणत राहिले. मोठ्या हॉस्पिटलात पोचण्याआधीच ती गेली. मग अजून दोन घरांतली माणसं पुढे आली. त्यांच्याकडेही असंच घडलं होतं. पोलिसांनी खोदून काढलं तर भिंतीवरची पदवी खोटी निघाली. डॉक्टर पूर्वी कुठल्याशा हॉस्पिटलात वॉर्डबॉय होते, एवढंच.

पण बाईंची मुलगी लहान असताना तापात तिला आकडी आली होती, तेव्हा हाच माणूस घरी धावत आला होता. दुपारभर तिच्या उशाशी बसून ओल्या कापडाने अंग पुसत राहिला. जेवायचंही विसरला. तेव्हापासून बाई त्याला देवमाणूस म्हणायच्या. आता त्याला काय म्हणायचं तेच कळेना.

कोर्टाच्या व्हरांड्यात पोलिसांबरोबर डॉक्टर समोरूनच आले. वाळले होते. बाईंना बघून थांबले आणि विचारलं, "बाई, मुलगी बरी आहे ना?"

"बरी आहे," बाई बोलून गेल्या. शेजारी दीर, गेलेल्या जावेचा नवरा, उभा होता. त्याने मान फिरवली ती फिरवलीच.

आत सरकारी वकिलांनी विचारलं ते बाईंनी जसंच्या तसं सांगितलं: इंजेक्शन, धाप, निळे ओठ. मग डॉक्टरांचे वकील उठले. "याच डॉक्टरांनी तुमच्या मुलीला वाचवलं, हे खरं?"

"खरं आहे. पण जावेला..."

"हो की नाही, एवढंच सांगा."

बाईंनी न्यायाधीशांकडे पाहिलं. "साहेब, एवढंच सांगितलं तर खोटं बोलल्यासारखं होईल. आणि मघाशी सांगितलं तेही तेवढंच धरलं तर... मला काही कळत नाहीये."

न्यायाधीश शांतपणे म्हणाले, "तुम्हाला कळायला हवं असं नाही, बाई. पाहिलंत ते सांगा." मग बाईंनी दोन्ही सांगितलं आणि खाली उतरल्या.

बाहेर साक्षीला आलेले सरकारी डॉक्टर पाणी पीत होते. बाईंनी धीर करून विचारलं, "त्यांना काहीच येत नव्हतं, तर माझी मुलगी कशी वाचली?"

"तापातली तशी आकडी बहुतेक वेळा आपोआपच थांबते," ते म्हणाले. "तिला बहुधा तसा धोका नव्हताच."

बाईंना हायसं वाटायला हवं होतं. उलट पायाखालची वाळू सरकल्यासारखं झालं. एवढी वर्षं ज्याचे उपकार मानले, ते झालेच नव्हते? मग तो दुपारभर बसला होता, ते काय होतं?

डॉक्टरांना शिक्षा झाली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी दीर घरी आला. साक्षीपासून तो फिरकला नव्हता. मशीनशेजारच्या स्टुलावर बसला, कापडाच्या चिंध्या बोटांत गुंडाळत.

"वहिनी, त्याला माहीत असेल का हो? आपल्याला येत नाही ते?"

"भाऊजी, सुई टोचताना त्यांचा हात जरासुद्धा थरथरला नाही. म्हणजे माहीत नसेल. नाहीतर..." बाई थांबल्या. "नाहीतर पुरतं माहीत असेल. मी तिथेच उभी होते, पण मला सांगता येत नाही."

"तुमचा राग आला होता मला," दीर म्हणाला. "अजूनही आहे की नाही, कोण जाणे."

"असू दे. चहा घेणार?"

"टाका."

बाईंनी आधण ठेवलं. आत मुलगी परीक्षेची उजळणी मोठ्याने करत होती आणि काकाचा आवाज ऐकून तिने मध्येच विचारलं, "काका, आज राहणार ना?"

दिराने वहिनीकडे पाहिलं. "राहतो," तो म्हणाला.