परदेशी पाद्र्यांचं टेबल

रिटायर झालं की फाइली ऑफिसात राहतात, किस्से मात्र आपल्याबरोबर घरी येतात. सावंत, कांबळे आणि मी भेटलो की अजून तेच! ऐंशीच्या दशकात आमच्या पोलिस ऑफिसात उपनगरांतल्या परदेशी पाद्री-सिस्टरांचं टेबल आम्हा तिघांकडे होतं. कोण कुठे राहतं, काय करतं ते बघायचं आणि परमिट वाढवावं की नाही, याचा रिपोर्ट द्यायचा.

*

गोराईला एक म्हातारे फादर होते. सावंतनं विचारलं, "एक्स्टेन्शन किती वर्षांचं हवंय?"

फादर त्याला चर्चमागच्या दफनभूमीत घेऊन गेले. तिथे त्यांच्याच नावाचा दगड तयार! जन्मसाल कोरलेलं, पुढची जागा कोरी.

"साल कळलं की सांगतो," फादर म्हणाले.

सावंत ऑफिसात येऊन आमच्यावरच डाफरला, "मेल्यांनो, रिपोर्टात आता काय लिहू?"

*

मरोळहून तक्रार आली. सिस्टरांच्या शाळेत संध्याकाळी मोठमोठ्यानं प्रार्थना चालते, शेजाऱ्यांना त्रास! मी आणि कांबळे गेलो, तर शाळा मुक्या-बहिऱ्या मुलींची. हॉलभर मुली बसलेल्या, नुसते हात हलतायत. पंख्याची कुरकुर, बस.

बाहेर येऊन मी तक्रारवाल्याला झापलं.

"अहो साहेब, ऐका ना! आत्ताही चाललंय!"

मी हसून कांबळेकडे बघितलं. तो पांढराफटक पडलेला.

"यार," तो हळूच म्हणाला, "गळा गोड आहे रे."

*

बोरिवलीच्या फादरांकडे आम्ही न कळवताच गेलो. टेबलावर तीन कप चहा, वाफाळता!

"आम्ही येणार हे कोणी सांगितलं?"

"काल हे येऊन गेले ना," म्हणत फादरांनी सावंतकडे बोट दाखवलं.

सावंत त्याच सकाळी मालवणच्या एसटीतून उतरला होता!

*

आरेच्या एका पाड्यावर वयस्कर परदेशी सिस्टर दवाखाना चालवायच्या. त्यांचं परमिट वाढलं नाही, देश सोडायचा हुकूम आला. तो हातात घेऊन त्यांनी एवढंच विचारलं, "आजीचा पाय कोण बघणार?"

पाड्यावरच्या एका आजीचा पाय चिघळला होता. रोज पट्टी बदलावी लागायची. कांबळे म्हणाला, "ऑर्डर आहे, सिस्टर."

निघायच्या सकाळी दवाखान्याला कुलूप मीच लावलं. खोली सरकारी, किल्ली आरे डेअरीच्या ऑफिसात परत द्यायची होती. सिस्टरांना सहार विमानतळावर सोडलं. विमान उडालेलं आम्ही तिघांनी डोळ्यांनी पाहिलं.

दुपारी किल्ली द्यायला आरेत आलो. वाटेत जीप पाड्यावरून घेतली. दवाखान्याच्या पायरीवर आजी बसलेली. पायाला कोरी पांढरी पट्टी, औषध अजून ओलं.

"आजी, कोणी बांधली?"

"कोण बांधणार? सिस्टरनं. तुमची गाडी दिसली तशी आत गेली."

दाराला माझं कुलूप तसंच होतं. मी किल्ली कांबळेपुढे धरली. त्यानं सावंतकडे बघितलं. सावंतनं दोन्ही हात पाठीमागे घेतले.

आजीनं आम्हाला दबक्या आवाजात दटावलं, "उघडू नका रे. तिला इथं राहायची परवानगी नाही ना!"