मोहाच्या झाडाचा निकाल

अंगणात मोहाची फुलं वाळत पडली, की त्या गोडसर वासानं मला इंग्रजांच्या वेळची एक सकाळ आठवते. यावलकडच्या आमच्या भिल्ल पाड्यात पंचांचे निकाल लिहीत नसत; एका तरण्यानं ते पाठ ठेवायचे. तेव्हा तो मी होतो.

जुन्या निकालातल्या मोहाच्या झाडावरून दोन भाऊ पुन्हा भांडत आले. माझे वडील मुख्य पंच. म्हणाले, "झाड मोठा भाऊनं शे." म्हणजे मोठ्या भावाचं.

मी म्हणालो, "आबा, ते धाकलानं शे. मागला निकालमा तुमीच सांगेल व्हतं."

आबा घोंगडीवर जरा सरकले आणि मला शेजारी बसवलं.

तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटलं होतं. आता आबांच्या जागी मी बसतो. थकलोय, फार विसरतो. आणि माझा निकाल चुकला तरी तो पाठ ठेवणारी पोरं नुसती मान डोलावून घरी जातात.