उजवीकडून वळणारा लेफ्ट बॅक

“शो मी.”

एवढंच म्हणायचे ते. तुम्ही कितीही खात्रीने सांगा, क्लॅम्प घट्ट आहे, फळी नवी आहे, सकाळचा नाश्ता झालाय, ते मान थोडी तिरकी करायचे, एक डोळा बारीक करायचे आणि म्हणायचे, “शो मी.” दाखव. आता नाश्ता झाल्याचं काय दाखवणार? मुबीनने एकदा बोटांना लागलेला अंड्याचा बलक त्यांच्या नाकासमोर धरला. त्यांनी तो नीट पाहिला, मान डोलावली आणि पुढे गेले.

सौदीतल्या अबकैकला तेलाच्या कारखान्यात दुरुस्तीची कामं घेणाऱ्या एका कंपनीत ते परांच्या तपासायचे. उंच टाक्यांभोवती लोखंडी नळ्या क्लॅम्पने एकमेकींना आवळून सांगाडे उभे करतात, त्यावर माणसं चढून काम करतात. सांगाडा तपासून हिरवा टॅग लावला की चढायचं, लाल टॅग असला की हातही लावायचा नाही. मी त्यांच्याच सेफ्टी विभागात क्लार्क. त्यांचं इंग्रजी मजुरांना हिंदीत समजावणं हे माझं अर्धं काम. मुबीन माझा मामेभाऊ, टाक्यांवर पत्रे ठोकायचा. म्हणजे यांच्या हिरव्या टॅगवर भरवसा ठेवून रोज वर चढायचा.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील खलाशी होते. मोठ्या माणसाने एक गोष्ट सांगितली की पुन्हा विचारायचं नाही, या शिस्तीत मी बाणकोटच्या खाडीकाठी शिकलो, आणि त्या शिस्तीने, शाळेतल्या गुरुजींनी माझं भलंच केलं. त्यामुळे असेल, कुणाच्याच शब्दावर न विसंबणारा हा इंग्रज मला सुरुवातीला सरळसरळ उद्धट वाटला.

तुम्हीही अशी संशयी माणसं पाहिली असतील. पण यांचा संशय सगळ्यांना सारखा होता. कँटीनमध्ये बिर्याणी आली की वरचा भात चमच्याने उचलून ते खाली डोकावायचे. प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय हलवून पाहिल्याशिवाय बसायचे नाहीत. एकदा प्रोजेक्ट मॅनेजरने सगळ्यांसाठी केक मागवला, तर हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “नोकरी सोडून कोण चाललंय?”

“कोणी नाही, सर. काम वेळेत झालं म्हणून.”

“उगाच कोणी केक देत नाही, मेट.”

सगळ्यांनाच ते ‘मेट’ म्हणायचे. दोस्त म्हणायचं आणि विश्वास ठेवायचा नाही, ही त्यांची रीत.

ते फुटबॉल खेळायचे हे कळलं ते एका शुक्रवारी. आम्ही कामगार राहायचो त्या कॅम्पच्या मागच्या मैदानात केरळच्या पोरांची मॅच होती. एक माणूस कमी पडला म्हणून त्यांनी यांना हाक मारली. हे खुर्ची हलवून बसले होते, उठले नाहीत. म्हणाले, “आता नाही खेळत. पूर्वी खेळायचो, लेफ्ट बॅक. डावी बाजू राखायची. त्यावरच घर चालायचं.”

पोरं हसली. मुबीन मला म्हणाला, “भाई, हा फेकतोय. खेळाडू असता तर कंपनीच्या बसने आला असता? ते लोक इथे खास विमानाने येतात.”

हे मी त्यांना सांगायला नको होतं, पण सांगितलं. ते पहिल्यांदाच मोकळेपणी हसले. “त्याला सांग, मीपण सौदीला आलेला फुटबॉलपटूच आहे. फक्त विमानतळावर कोणी हार घेऊन आलं नव्हतं.”

पुढे साइटवर जाता-येता गाडीत ते थोडं थोडं बोलायला लागले. लहानपणी एका बड्या क्लबने त्यांना उचललं होतं. अठराव्या वर्षी तिथल्या मास्तरांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, तुझं भविष्य उज्ज्वल आहे; त्याच आठवड्यात काढून टाकलं. मग खालच्या दर्जाच्या लीगमध्ये एकेका वर्षाचा करार. आज या गावी, उद्या त्या. पावसात चिखल झालेली मैदानं, तासन् तास बसचा प्रवास, पेट्रोल पंपावरचे गार सँडविच. प्रेक्षक इतके थोडे, की शिव्या कोण देतोय ते आवाजावरून कळायचं. एक म्हातारा दर मॅचला यांना नावाने हाक मारून म्हणायचा, “घरी जा, तुझी आई वाट बघतेय.” आणि मॅच संपली की तोच यांना गाडीने स्टेशनवर सोडायचा.

उन्हाळ्यात पगार नसायचा, तेव्हा ते मेव्हण्याबरोबर परांच्या बांधायला जायचे. तेच शिक्षण पुढे इथे उपयोगी पडलं.

“आणि करार पुढे चालू राहणार की नाही, ते कधी कळायचं?” मी विचारलं.

“मे महिन्यात. पण आधीच ओळखायचं असतं. वर्षभर न बोलणारा मॅनेजर जवळ येऊन ‘मुलं कशी आहेत’ म्हणाला, की पुढच्या हंगामात आपण नाही.”

या बोलण्याचा माझ्यावर असा परिणाम झाला, की प्रोजेक्ट मॅनेजरने एकदा “आईची तब्येत कशी आहे?” असं विचारलं आणि मी हातातली फाइल तशीच टाकली. मी धावत यांच्याकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, “बॅग भर.”

झालं काहीच नाही. मॅनेजरची स्वतःची आई आजारी होती, म्हणून बिचाऱ्याला माझ्या आईची आठवण झाली होती. मी हे यांना सांगितलं तर म्हणाले, “मे अजून यायचाय.”

मुबीनचा मात्र विश्वास बसेना. त्याने फोनवर शोध शोध शोधलं आणि शेवटी कुणा प्रेक्षकाने काढलेला एक व्हिडिओ मिळवला. हलता, धुरकट. पण हेच होते, केस असलेले. समोरचा पोरगा चेंडू घेऊन यांच्या डावीकडून निघतो, आणि हे त्याच्यामागे वळायच्या ऐवजी उजवीकडून अख्खी गिरकी घेतात. तोवर गोल झालेला असतो.

“बघितलंस? खेळाडू म्हणे! याला वळतासुद्धा येत नाही,” मुबीन म्हणाला.

मी तो व्हिडिओ पुन्हा पाहिला. पुन्हा पाहिला. कारण असं वळणारा माणूस मी रोज बघत होतो. आमच्या केबिनमध्ये त्यांचं कपाट खुर्चीच्या डाव्या हाताला होतं, आणि तिथे जायला ते उजवीकडून फिरून जायचे, डाव्या गुडघ्यावर भार येऊ नये म्हणून.

एकदा संशय शिरला की माणूस काय काय बघू लागतो! माझ्या लक्षात आलं, की अलीकडे त्यांना परांचीवर चढताना कोणीच पाहिलेलं नाही. दिवसा ते बुडाशी उभे राहायचे, खांब हलवायचे, वर मान करून बघायचे. टॅग मात्र रोज हिरवा. त्या रात्री माझ्या डोक्यात तेवढंच होतं. गुडघा गेलाय, चढता येत नाही, आणि हे खालूनच टॅग लावताहेत? आणि मुबीन त्या टॅगकडे बघून वर चढतोय?

मॅनेजरकडे जायचं, तर हातात पुरावा नाही. आणि यांना विचारायचं, तर ज्या माणसाने मला साइटवर चालायला शिकवलं, त्याला खोटं ठरवायचं. दुसऱ्या दिवशी पहाटे फज्रची नमाज झाल्यावर मी कॅम्पच्या बससाठी थांबलो नाही, एका पिकअपमध्ये बसून साइटवर गेलो. ते मोठ्या टाकीपाशी उभे होते. परांचीवर हिरवा टॅग लागलेला होता.

“सर, वर जाऊन आलात?”

“आलो.”

पुढचे शब्द माझ्या तोंडून कसे निघाले, मला ठाऊक नाही. “शो मी, सर.”

त्यांनी मान तिरकी केली, एक डोळा बारीक केला. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी पट्टा कमरेला आवळला आणि चढू लागले.

चढताना हातांवरच सगळा भार होता, पण चढले. अगदी शेवटच्या मजल्यापर्यंत. एकेक क्लॅम्प हलवल्याचा आवाज मला खाली ऐकू येत होता. हा माणूस रोज, कोणी यायच्या आत, एकट्याने हे करत होता. मला हायसं वाटलं, आणि माझी लाजही वाटली.

मग ते उतरू लागले. डावा पाय खाली, उजवा त्याच्याशेजारी. पुन्हा डावा. दुसऱ्या टप्प्यावर आले आणि थांबले. फळीवर बसले. दोन्ही हातांनी गुडघा धरून नुसते बसून राहिले. उन्हं वर आली, त्यांच्या मानेवर पडली.

“मी येऊ का, सर?”

“नको.”

खाली आले तेव्हा शर्ट घामाने चिकटला होता. आम्ही एका पाइपावर बसलो. पाइप त्यांनी आधी हलवून पाहिला.

“व्हिडिओ पाहिलास ना?” त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. “हंगामातली शेवटची मॅच होती. हरलो तर क्लब लीगच्या बाहेर. मॅनेजरने विचारलं, गुडघा कसा आहे. मी म्हणालो, ठीक आहे. जखमी माणसाला पुढचा करार कोण देणार? त्याने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. त्याने ‘दाखव’ म्हणायला हवं होतं.”

त्यांनी डावा पाय हातांनी उचलून सरळ केला.

“आमचे शर्ट धुणारी एक बाई होती. तिचं अख्खं आयुष्य त्या क्लबात गेलं. लीग गेली, पैसे आटले, पहिल्यांदा तिला काढलं. मला दुसरीकडे करार मिळाला. तिने त्या दिवशीही माझा शर्ट धुऊन, घडी घालून दिला होता.”

“पण सर, इथे तर तुम्ही खरंच वर जाता. टॅग खोटा नाही.”

“वर असताना माझ्या डोक्यात काय असतं, माहीत आहे? क्लॅम्प नाही. खाली कसं उतरायचं, हे असतं. अशा माणसाने तपासलेल्या फळीवर तुझ्या भावाला चढवशील?”

तेवढ्यात गेटमधून कामगारांची बस आत येताना दिसली. ते उठले, उजवीकडून वळून परांचीपाशी गेले, स्वतःच लावलेला हिरवा टॅग काढला आणि तिथे लाल अडकवला.

मुबीन बसमधून उतरून टॅगकडे बघत राहिला. “काय सापडलं, सर?”

“मी,” ते म्हणाले.

काम अडलं. मॅनेजरची आरडाओरड झाली. दुपारी दम्मामहून दुसरा तपासनीस आला, त्याने सगळा सांगाडा पाहिला. एकही क्लॅम्प ढिला निघाला नाही. मी धावत जाऊन यांना सांगितलं, “सर, सगळं घट्ट निघालं!”

“त्याने नीट पाहिलं का?” त्यांनी विचारलं.

संध्याकाळी मॅनेजरने त्यांना केबिनमध्ये बोलावलं. बराच वेळ दार बंद होतं. ते बाहेर आले, माझ्याकडे पाहिलं आणि किंचित हसले.

“मुलांची चौकशी केली,” म्हणाले. “खलास.”

न चढणाऱ्या तपासनिसाला देण्यासारखं काम कंपनीकडे नव्हतं. पासपोर्टवर देश सोडायचा, एक्झिटचा शिक्का पडला, तिकीट आलं. माझ्या टेबलाशी येऊन त्यांनी आपला हातोडा ठेवला, क्लॅम्पवर मारून आवाज ऐकायचा तो. मला आभार मानायचे होते, माफीही मागायची होती. ते म्हणाले, “क्लबातल्या त्या मॅनेजरपेक्षा तू बरा, मेट.”

निघायच्या दिवशी आम्ही गेटवर गेलो होतो. मुबीनही आला होता, कोणी न सांगता. विमानतळाची बस आली. त्यांनी दाराचा दांडा धरला, दोनदा हलवून पाहिला. मग उजवा पाय पायरीवर ठेवला आणि डावा सावकाश त्याच्याशेजारी आणला. मग पुढची पायरी, तशीच. मागे बॅगा घेतलेली माणसं खोळंबली होती. ड्रायव्हर घाई करत म्हणाला, “यल्ला, यल्ला!”

ते थांबले, दांडा धरूनच त्याच्याकडे वळून पाहिलं, आणि सगळ्यांदेखत, आरामात, उरलेली पायरी चढले.