पिशवीच्या आजाराचं नाव

निरवांगीत चतुराबाईंच्या आळीत चाळिशी ओलांडलेल्या बहुतेक बायांची पिशवी काढून झाली होती. गर्भाशय हा शब्द तिथं कुणी वापरत नसे, इंदापूरचे डॉक्टरही नाही. पिशवी खराब झालीय, काढून टाकू, एवढंच ते सांगत. बाया भुईमुगाची काढणी कधी उरकते ते बघून दिवस ठरवत.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात चतुराबाईंचा नंबर लागला. अंगावरून जास्त जात होतं म्हणून त्यांनी सोनोग्राफी करून घेतली. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला, मुलं किती ते विचारलं, मग पिशवीचा आता उपयोग काय म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. घरी नवऱ्यानंही, कचरूनं, मान डोलावली. निकामी वस्तू ठेवायची कशाला?

"मग गोठ्यातलं तुमचं बंद इंजान आदी काढा," चतुराबाई म्हणाल्या.

भाची तेजश्री बारामतीला कॉलेजात होती. स्टँडजवळ नव्यानं निघालेल्या इंटरनेटच्या दुकानात ती आत्याला घेऊन गेली. शेजारी पोरं बसलेली, खरा शब्द लिहायची तिला लाज वाटली. तिनं इंग्रजीत 'बॅग' लिहिलं. बराच वेळ थांबल्यावर पडद्यावर पर्सा आणि सुटकेसी उमटल्या.

"ह्यातली माझी कंची?" आत्यानं विचारलं.

तेजश्री हसली आणि लाज सोडून तिनं गर्भाशयाचा इंग्रजी शब्द लिहिला. मग आजारांची रांगच लागली. यातला तुझा कोणता, असं तिनं विचारलं. चतुराबाईंना ठाऊक नव्हतं. आळीतल्या एकीलाही आपल्या आजाराचं नाव ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा डॉक्टरांसमोर बसल्या. नाव कळून तुम्ही काय करणार, डॉक्टर म्हणाले.

"पोरांची नावं मी ठेवली, बैलांची ठेवली. माझ्याच पोटातल्या दुखण्याचं नाव मला न्हाय ठाऊक. ते सांगा, मग सुरीचं बोलू."

डॉक्टरांनी वैतागून चिठ्ठीवर लिहून दिलं: फायब्रॉइड. त्या चिठ्ठीवरून बारामतीच्या इंटरनेटच्या दुकानात माहिती लगेच सापडली. ही साधी गाठ असते, बहुधा कॅन्सरची नसते. लहान असेल तर औषध घेऊन, अधूनमधून तपासून थांबता येतं. पाळी गेल्यावर ती बऱ्याचदा आक्रसते. तेजश्रीनं वाचून दाखवलं, तसं ते चतुराबाईंनी लक्षात ठेवलं.

तिसऱ्या खेपेला ते ऐकून डॉक्टरांचा आवाज चढला. इंटरनेटवर कुणीही काहीही लिहितं, म्हणाले.

"व्हय, म्हणून तर तुमाला इचारते. माझी गाठ ल्हान का मोठी?"

डॉक्टरांनी फोटो पुन्हा उजेडात धरला. या वेळी जरा जास्त वेळ. लहान आहे, ते म्हणाले.

"मग औषध द्या. पिशवी ऱ्हाऊ द्या."

"आणि त्रास वाढला तर? मग माझ्याकडे येऊ नका."

"येणार. वाढला तर तपासा, काढायची तर तवा काढा. पण आदी नाव सांगायचं."

डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या आणि रक्त तपासायला सांगितलं. चतुराबाई पडदा सारून बाहेर आल्या. बाकावर त्यांच्याच आळीतली दगडाबाई रिपोर्ट मांडीवर घेऊन बसली होती. आतलं सगळं तिनं ऐकलं होतं.

"माझी बी खराब झालीय म्हणं," ती हळूच म्हणाली.

"काय झालंय ते इचार. न्हाय सांगितलं तर उठू नकोस."

हाक आली. दगडाबाई आत गेली. चतुराबाईंची निरवांगीची एसटी लागली होती, पण त्या बाकावर बसून राहिल्या. पडद्यामागून आधी डॉक्टरांचा आवाज आला. मग दगडाबाईचा आला:

"नाव काय म्हनलं?"